आईचे ताट आणि बाळाचा मेंदू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अंगावरच्या दुधाचा बाळाच्या मेंदूशी आणि वागण्याशी काय संबंध असतो, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सतत येतात. त्यांपैकी काही या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत दुधाच्या दर्जाबद्दल शंका आहे. बाळंतीण दिवसभरात काय जेवते, याचा उल्लेख मात्र फार थोड्या पत्रांत आहे. उत्तरे लिहिताना माझे लक्ष वारंवार तिकडेच गेले. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलीचा जन्म सिझेरियनने झाला. नंतर पत्नीला जंतुसंसर्ग झाला आणि दोन-अडीच महिन्यांतच अंगावरचे दूध बंद झाले. मुलगी आता चार महिन्यांची आहे. अंगावर पिणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त असतो, असा मजकूर मोबाइलवर कोणी ना कोणी पाठवत असते आणि ती तो वाचून रडते. यात तथ्य किती? — एक वडील, लातूर

उत्तर : तथ्य आहे, परंतु त्या मजकुरात दाखवतात तेवढे मोठे नाही. अडचण अशी आहे की अनेक देशांत अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या स्त्रियाच अधिक काळ अंगावर पाजतात, त्यामुळे मुलाची हुशारी दुधाची की घरातल्या वातावरणाची हे वेगळे काढणे अवघड होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक मुलांच्या एका अभ्यासात आईचा स्वतःचा बुद्ध्यांक हिशेबात धरताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता.

यावर सर्वांत मोठा प्रयोग बेलारूस देशात झाला. कोणत्या आईने पाजावे आणि कोणत्या आईने पाजू नये, असे संशोधकाला ठरवता येत नाही, म्हणून तेथे १९९६-९७ मध्ये ३१ रुग्णालयांपैकी काहींत मातांना स्तनपानासाठी विशेष मदत दिली गेली आणि उरलेल्यांत नेहमीचीच पद्धत ठेवली गेली. एकूण १७,०४६ बाळे या अभ्यासात होती. मुले साडेसहा वर्षांची झाली तेव्हा मदत मिळालेल्या गटाचे भाषिक गुण सरासरी साडेसात अंकांनी अधिक भरले. मात्र मोजणी करणाऱ्या डॉक्टरांना कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक होते, आणि सोळाव्या वर्षी पुन्हा चाचणी झाली तेव्हा भाषिक गुणांतला फरक दीड अंकाच्याही आत आला होता. ब्राझीलमधील पेलोतास शहरात १९८२ साली जन्मलेल्या सुमारे साडेतीन हजार व्यक्तींची वयाच्या तिशीत चाचणी घेतली, तेव्हा बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ अंगावर प्यायलेल्यांचा बुद्ध्यांक, एक महिनाही न प्यायलेल्यांपेक्षा पावणेचार अंकांनी जास्त होता. हा अभ्यास मला आपल्याकडच्या परिस्थितीला अधिक जवळचा वाटतो, कारण त्या काळी त्या शहरात गरीब आणि श्रीमंत दोन्ही घरांत स्तनपानाचे प्रमाण सारखेच होते. सर्व अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर सरासरी फरक तीन अंकांच्या आसपास येतो. एकाच मुलाची दोन वेगवेगळ्या दिवशी चाचणी घेतली तरी एवढा फरक पडू शकतो.

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नळीवाटे आईचे दूध मिळाले होते, त्यांचा बुद्ध्यांक साडेसात-आठ वर्षांच्या वयात सरासरी ८.३ अंकांनी जास्त आढळला. नळीवाटे दिलेले असल्यामुळे येथे आईच्या कुशीचा परिणाम बाजूला राहतो आणि दुधाचे स्वतःचे महत्त्व ठळकपणे पुढे येते. अशा नाजूक बाळांसाठीच मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आपली मुलगी पूर्ण दिवसांची असावी असे पत्रावरून दिसते. तिला पहिले दोन महिने, चिकासह, आईचे दूध मिळाले आहे आणि ते वाया गेलेले नाही. पत्नीची इच्छा असेल तर बाळाला वारंवार छातीशी लावून बंद झालेले दूध पुन्हा आणता येते. त्यासाठी स्तनपान समुपदेशकाची मदत घ्यावी. तोपर्यंत जी दुधाची पावडर चालू आहे ती डब्यावरील प्रमाणातच कालवावी. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणे हे त्या तीन अंकांपेक्षा बाळाच्या मेंदूला कितीतरी अधिक घातक आहे. आणि तो मजकूर पाठवणाऱ्यांना, निदान पत्नीच्या मोबाइलवर तरी, आपणच थांबवावे.

प्रश्न : माझा मुलगा दीड महिन्याचा आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला तो दोन-दोन तास रडतो. सासूबाई म्हणतात की तुझे दूध पातळ आहे, त्याने पोट भरत नाही. शेजारच्या मावशी म्हणतात की आईच्या मनात काळजी असली की ती दुधातून उतरते आणि मूल रडके निघते. दुधावर स्वभाव ठरतो का? — एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : आधी पातळपणाबद्दल. आपल्या डोळ्यांना म्हशीच्या दुधाची सवय असते आणि त्या मानाने माणसाचे दूध पातळच दिसते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात तीन ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तर आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. वासराला काही महिन्यांत अंगाने मोठे व्हायचे असते, माणसाच्या बाळाचे अंग मात्र सावकाश वाढते आणि मेंदू झपाट्याने. जन्मानंतरच्या एका वर्षात मेंदूचे वजन दुपटीच्या वर जाते आणि निजलेल्या बाळाच्या शरीरातील निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. आईच्या दुधात दुग्धशर्करा गाईम्हशींच्या दुधापेक्षा बरीच जास्त, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे सात ग्रॅम असते. तिच्यातून ग्लुकोज मिळते, ते मेंदूचे इंधन. आणि गॅलॅक्टोज मिळते, जे मज्जातंतूंच्या स्निग्ध आवरणात वापरले जाते. शिवाय पाजण्याच्या सुरुवातीला येणारे दूध पातळ असते आणि स्तन रिकामा होत जातो तसे त्यातील स्निग्धांश वाढत जातो, म्हणून घड्याळ पाहून बाळाला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेऊ नये. त्याने स्वतःहून सोडेपर्यंत पिऊ द्यावे.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरत नाही. दिवसरात्र मिळून बाळ सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का आणि वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढते का, एवढे पाहावे. आपल्या पत्रासोबतच्या नोंदींप्रमाणे दोन्ही ठीक आहेत. रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते, बहुधा संध्याकाळीच येते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. आपला मुलगा नेमका त्या शिखरावर आहे. ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त किंवा दूध न ओढणे, यांपैकी काही दिसले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. केवळ संध्याकाळच्या रडण्यासाठी बाटलीचे दूध सुरू करू नये. बाळ जितके कमी ओढते तितके दूध कमी तयार होते आणि मग सासूबाईंची शंका खरी ठरू लागते.

आता स्वभावाबद्दल. केंब्रिजमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांविषयी मातांना विचारले, तेव्हा अंगावर पिणारी बाळेच अधिक कुरकुरी आणि समजावण्यास अवघड असल्याचे आढळले. बाटलीवरची बाळे प्रमाणाबाहेर भरलेल्या पोटामुळे शांत वाटत असावीत आणि अंगावरच्या बाळांची कुरकुर ही आईशी चाललेली साधी देवाणघेवाण असावी, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. गप्प बाळ म्हणजे गुणी बाळ हे आपल्याकडचे मोजमाप त्यामुळे मला कधीच पटले नाही. लातूरच्या उत्तरात उल्लेखिलेल्या बेलारूसच्या अभ्यासात साडेसहा वर्षांच्या मुलांच्या वागण्याबद्दल पालक आणि शिक्षक दोघांनाही विचारले होते, आणि दोन गटांत काहीही फरक निघाला नाही.

शेजारच्या मावशींचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दुधात उतरते, आणि माकडांवरील अभ्यासांत ज्या माद्यांच्या दुधात ते अधिक होते त्यांची पिल्ले अधिक बुजरी आणि अस्वस्थ आढळली. माणसांतले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेवढ्या आधारावर एखाद्या बाईला तिच्या मुलाच्या रडण्यासाठी जबाबदार धरणे म्हणजे तिचा ताण वाढवण्याचा नवा मार्ग शोधणे होय. घरातल्यांना खरोखर काळजी असेल तर संध्याकाळचे ते दोन तास स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करावा. एक गोष्ट मात्र दुधातून निश्चित उतरते : रात्रीच्या दुधात झोपेला मदत करणारे मेलाटोनिन असते आणि दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. बाळाचे स्वतःचे दिवसरात्रीचे चक्र बसायला सुमारे तीन महिने लागतात, तोपर्यंत आईचे दूध ही खूण त्याला देत असते.

प्रश्न : माझा नातू दहा महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यापर्यंत तो खुदुखुदु हसायचा, बसायलाही लागला होता. आता बसवले तर कलंडतो, कोणाला ओळख देत नाही, नुसता एकटक पाहत राहतो. अंगाने गुटगुटीत आहे, पण केस विरळ आणि भुरे झाले आहेत आणि बोटांची पेरे काळवंडली आहेत. सुनेला दूध भरपूर आहे, त्यामुळे तो दुसरे काही तोंडात घेत नाही. आमचे घर माळकरी. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते मूल शांत स्वभावाचे आहे. — एक आजी, अंबाजोगाई

उत्तर : आजी, हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता आपल्याला टपालाने कळवले आहे आणि येथे पुन्हा लिहितो : बाळाला आणि त्याच्या आईला, दोघांनाही, ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. जमलेल्या गोष्टी मूल विसरू लागले तर तो स्वभाव नसतो. आपण दिलेले वर्णन बी-१२ या जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेशी फार जुळते. अशा बाळांच्या हातापायांना आणि मानेला पुढे कंपही सुटतो. भारतीय डॉक्टरांनी हा आजार अनेक दशकांपूर्वीच नोंदवला असून त्याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम असे नाव आहे. बहुधा सहा ते अठरा महिन्यांच्या, केवळ अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या आणि शाकाहारी आईच्या बाळांत तो दिसतो. निदान मात्र तपासणीनंतरच करावयाचे. येथे मी फक्त घाई का करायची ते सांगतो.

दूध भरपूर आहे, तरी असे का व्हावे? याचे कारण असे की दुधातील सर्व घटक एका पद्धतीने वागत नाहीत. प्रथिने, दुग्धशर्करा, कॅल्शियम आणि लोह यांचे प्रमाण आई काय जेवते यावर फारसे अवलंबून नसते. आईचे शरीर स्वतः झिजून ते राखते. बी-१२, बी-१, आयोडीन, अ जीवनसत्त्व, कोलीन आणि काही स्निग्ध आम्ले मात्र आईच्या शरीरात कमी पडली की दुधातही कमी पडतात. म्हणून बाळाचे वजन वाढत राहते, गालही भरतात, आणि मेंदू मात्र उपाशी राहतो. बी-१२ हे मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणासाठी लागते. विजेच्या तारेवरचे आवरण विरले की प्रवाह जसा गळतो, तसे संदेश वाटेतच मंद होतात. पहिल्या दोन वर्षांत हे आवरण वेगाने चढत असते, त्यामुळे मोठ्या माणसाला वर्षानुवर्षे जाणवणार नाही अशी कमतरता बाळाला काही महिन्यांत गाठते.

बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. माळकरी घरात उरते ते दूध आणि दही, आणि खरी अडचण येथेच आहे. आपल्याकडे दारात म्हैस असते, पण पहाटेचे आणि संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर जाते; घरात राहते ते चहापुरते, आणि जेवणात दह्याऐवजी पाणीदार ताक. एक मोठा पेला दूध प्यायले तर साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते, आणि पाजणाऱ्या आईला रोज तीनच्या आसपास हवे असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी हे सारे बाळंतिणीला उत्तमच आहे, पण त्यात घातलेल्या दुधातुपाखेरीज बी-१२ कोठेही नाही. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीतही ते नसते. तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. त्या फॉलिक आम्लाने रक्तातला दोष झाकला जाऊ शकतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. इडलीसारखे आंबवलेले पदार्थ किंवा शेवाळाच्या गोळ्या यांवर या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही.

उपचार महाग नाही. रक्त तपासून बी-१२ ची इंजेक्शने दिली जातात आणि बहुतेक बाळे काही दिवसांतच पुन्हा माणसांकडे पाहू लागतात, हसू लागतात. उपचार सुरू झाल्यावर काही बाळांना तात्पुरता कंप सुटतो किंवा असलेला वाढतो; त्यामुळे घाबरून इंजेक्शने थांबवू नयेत. मात्र उशीर झाला तर बोलणे आणि शिकणे यांत काही उणीव राहून जाऊ शकते. सुनेलाही गोळ्या घ्याव्या लागतील. माळेचा प्रश्न आपल्या मनात येईल, म्हणून सांगतो की औषधातले बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, त्यासाठी प्राण्याचे मांस वापरत नाहीत. काही कॅप्सूलची वेष्टने जिलेटिनची असतात. ती नको असल्यास साधी गोळी किंवा इंजेक्शन मागावे. आणि नातू दहा महिन्यांचा आहे, म्हणजे वरचे अन्न चार महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवे होते. मऊ वरणभात, दही, कुस्करलेली भाकरी आणि दूध, जे आपण जेवता तेच, तिखट न घालता, उपचार सुरू झाले की भूक परत येईल तसे भरवत जावे.

प्रश्न : मेंदूसाठी डीएचए लागते आणि ते माशांत असते, असे वाचले. आम्ही मासे खात नाही, पण जवसाची चटणी रोज खाते आणि स्वयंपाक करडईच्या तेलात होतो. तेवढ्याने बाळाला पुरेल, की महागड्या गोळ्या घ्याव्यात? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : डीएचए हे मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पडद्याच्या पेशींत भरपूर असलेले स्निग्ध आम्ल आहे. जगभरच्या दुधांत ते एकूण स्निग्ध आम्लांच्या सरासरी ०.३२ टक्के असते. समुद्रकाठच्या, मासे खाणाऱ्या स्त्रियांच्या दुधात एक टक्क्यापर्यंत किंवा त्याहून अधिक, आणि समुद्रापासून दूरच्या भागांत ०.१ टक्क्याच्याही खाली असू शकते. जवसात डीएचए नसते, त्याचा पूर्वज म्हणता येईल असे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. आईच्या शरीरात त्यातले फारच थोडे डीएचएमध्ये बदलते, आणि जवसाचे तेल घेणाऱ्या मातांच्या दुधात हे पूर्वज आम्ल वाढले तरी डीएचए वाढल्याचे दिसले नाही. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, आणि ते शरीरातील याच यंत्रणेवर हक्क सांगते. म्हणून एकाच तेलावर राहू नये. काही दिवस शेंगदाण्याचे, काही दिवस मोहरीचे किंवा सोयाबीनचे वापरावे. जवसाची चटणी सोडण्याचे मात्र काही कारण नाही.

गोळ्यांबद्दल माझे मत थंड आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे २,४०० गर्भवतींना घेऊन केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए देऊनही मुलांच्या आकलनात दीड वर्षाच्या वयात फरक पडला नाही. परवडत असेल आणि शाकाहारी हवी असेल तर शेवाळापासून केलेली गोळी मिळते. ती घेतल्याने दुधातले डीएचए वाढते, एवढे खरे. पण महिन्याला तेवढे पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी दूध, डाळ आणि, चालत असल्यास, अंड्यांवर खर्चावेत. अंड्याच्या बलकात मेंदूला लागणारे कोलीनही असते. मासे चालणाऱ्या वाचकांसाठी : नाथसागरातले, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातले, रोहू-कटलाही चालतील, त्यांत समुद्री माशांपेक्षा डीएचए कमी असते इतकेच.

प्रश्न : आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. तीन-चार महिन्यांची बाळे घेऊन बायका जातात. उन्हातून आल्यावर त्या पहिले दूध पिळून टाकतात, कारण उन्हाचे दूध बाळाला बाधते असे मानतात. दिवसभर बाळ कोपीत थोरल्या बहिणीकडे असते आणि तिला पाणी पाजायला सांगितलेले असते. अनेकजणी मिश्री लावतात. त्यांना नेमके काय सांगावे? — एक आशा कार्यकर्ती, बीड जिल्हा

उत्तर : उन्हात काम केल्याने दुधाचे तापमान वा गुण बदलत नाहीत. आईने आधी स्वतः दोन पेले पाणी प्यावे, छाती आणि हात धुवावेत आणि लगेच पाजावे. पिळून टाकलेले दूध ही बाळाच्या वाट्यातली थेट चोरी आहे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, म्हणून सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. फडावरच्या टाकीतले पाणी दिले तर हगवण लागते, आणि वारंवारच्या हगवणीने बाळ खंगते.

दूध काढून ठेवण्याचा सल्ला शहरात सोपा आहे. २५ अंशांपर्यंत ते चार तास चांगले राहते, पण फेब्रुवारीनंतर पाचटाच्या कोपीत दुपारी तेवढा गारवा नसतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीच्या थंडीतच आणि झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात, वाटी-चमच्याने पाजण्यासाठी, हा उपाय सांगावा. त्याहून चांगले म्हणजे फड जवळ असेल तेव्हा बाळाला दुपारी आईकडे आणणे. मुकादमाशी हे बोलणे निघण्यापूर्वी, उचल घेतानाच झाले तर काही उपयोग होतो; फडावर पोचल्यानंतर ते कोणी ऐकत नाही. रात्री आणि पहाटे मात्र हवे तितक्या वेळा पाजता येते आणि त्यावर दूध टिकून राहते.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलावे. निकोटीन रक्तातून दुधात उतरते आणि दुधात त्याचे प्रमाण रक्तापेक्षाही जास्त असते. २००७ मधील एका अभ्यासात, आईने सिगारेट ओढल्यानंतरच्या साडेतीन तासांत बाळे सरासरी ५३ मिनिटे झोपली. न ओढलेल्या दिवशी तीच बाळे ८४ मिनिटे झोपत होती. मिश्री जळालेल्या तंबाखूचीच असते. बाळ झोपत नाही म्हणून चिडचिडलेली आई पुन्हा मिश्रीच लावते, हे आपण पाहिले असेलच. सोडता येत नसेल तर निदान पाजून झाल्यानंतर लगेच लावावी, आधी नको, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत दुधातले निकोटीन बरेच उतरते. सोबत नेण्याच्या किराण्यात खड्याच्या मिठाऐवजी आयोडीनयुक्त पुड्याचे मीठ आहे का, तेही पाहावे. पाजणाऱ्या आईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, त्यावर बाळाचे थायरॉइड आणि त्याच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवायला सांगावे.

प्रश्न : बुद्धी तल्लख व्हावी आणि बोलणे लवकर फुटावे म्हणून गुटीत वेखंड आणि मध देतात. द्यावे का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : देऊ नये. वेखंडाने बुद्धी वाढल्याचा पुरावा नाही; त्याने लहान बाळांना उलट्या होतात. गुटीतल्या जायफळाने येणारी झोपही गुंगीच असते. मधात क्वचित असे जंतुबीज असते की ज्यामुळे वर्षाच्या आतील बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात, म्हणून बारा महिन्यांपर्यंत मध बोटभरही चाटवू नये. सहाणेवर उगाळायची हौस असेल तर ती बाळाच्या आजोबांच्या डोकेदुखीसाठी राखून ठेवावी.

प्रश्न : अंगणवाडीत येणारी काही वर्ष-दीड वर्षाची मुले आईला सोडतच नाहीत, खेळण्याकडे हात नेत नाहीत. आया म्हणतात, अजून अंगावरच पितो, तब्येत चांगली आहे. — एक अंगणवाडी सेविका, उमरगा, जि. धाराशिव

उत्तर : दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही अंगावर पाजावे, हे योग्यच आहे. परंतु एक लिटर आईच्या दुधात लोह अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. ते चांगले पचते हे खरे, तरी पहिल्या सहा महिन्यांत बाळ प्रामुख्याने पोटातून आणलेल्या साठ्यावर जगते. जन्मतः वजन कमी असेल किंवा नाळ घाईने कापली असेल तर तो साठा आणखी लवकर संपतो. कोस्टारिका देशात बेट्सी लोझॉफ यांनी केलेल्या अभ्यासांत लोहाची कमतरता असलेली बाळे आईला अधिक चिकटून राहणारी, बिचकणारी, कमी खेळणारी आणि कमी आनंदी दिसली, आणि ज्यांची कमतरता तीव्र आणि दीर्घ काळची होती त्यांची बौद्धिक चाचण्यांतली पीछेहाट तरुणपणापर्यंत राहिली. आपण वर्णन केलेली सगळीच बुजरी मुले तशी असतील असे नाही, पण त्यांचे हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय त्यांना लाजाळू म्हणून सोडू नये.

आहारात डाळ, शेंगदाण्याचे कूट, हिरव्या पालेभाज्या, चालत असल्यास अंडे आणि काळीज हवे, आणि त्यावर लिंबू पिळावे. सकाळचा चहा-बिस्कीट हा प्रकार बंद करण्यासाठी मात्र वाद घालावा लागला तरी घालावा. चहामुळे लोह शोषले जात नाही आणि भूक मरते ती वेगळीच. जमैकात खुरटलेल्या मुलांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना पूरक आहार दिला, काहींच्या घरी दर आठवड्याला जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवले, आणि काहींना दोन्ही दिले. दोन्ही मिळालेल्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. म्हणून आपल्याकडे दर बैठकीत दहा मिनिटे आयांना मुलांसमोर बसवून वाट्या, झाकणे, शेंगा घेऊन खेळायला लावता आले तर तो वेळ पोषणातच धरावा.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर द्यायचे असते. त्याने शी काळपट होते आणि ते पाहून आया बाटली फळीवर ठेवून देतात, त्यामुळे बाटली हातात देतानाच ही गोष्ट सांगून ठेवावी.